हात सुटला की बसायचं

गुरुवारी पोरांना फिरायला न्यायचं, म्हणून गोजरबाई बुधवारीच ती वाट एकदा एकट्या चालून येत. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला, आणि नजर अशी की जणू वाटेत चोर दडून बसलाय. खाजकुइलीचा वेल दिसला की छाटायचा. कुणी विहिरीवरच्या फळ्या काढून ठेवल्या असतील तर त्याच्या दारात जाऊन चार शब्द ऐकवायचे. उंबराला मधमाश्या लागल्यात असं कळलं तर पंधरा दिवस त्या बाजूचं नाव काढायचं नाही. वाट पक्की झाली की मग मदतनीस बुधीला सांगायचं, पाणी किती घ्यायचं, पुढे कोण चालणार, मागे कोण. बुधीला हसू यायचं. "बाई, पोरांना ओहोळावर न्यायचंय का मुलगी बघाया जायचंय?" असं ती दर बुधवारी विचारी, आणि दर बुधवारी बोलणी खाई.

डोळखांबच्या वर, डोंगराला लागून आवळीचा पाडा आहे. घरं चाळीस-एक. गोजरबाई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका, पंचवीस वर्षं झाली. राहायच्या खालच्या गावात, रोज दोन मैल चढून यायच्या. बाई फटकळ. खिचडीत मीठ कमी पडलं तर बुधीवर ओरडतील, पोराचं वजन कमी भरलं तर त्याच्या आईवर ओरडतील, आणि कागद फार वाढले तर शहापूरच्या पर्यवेक्षिका मॅडमवरही ओरडतील, फक्त ते मनातल्या मनात. पोरांना बाहेर नेणं हे त्यांच्या कामातलं अगदी शेवटचं कलम. नाही नेलं तरी कुणी विचारायला येत नाही. दारात पोरं उभी करून एक फोटो काढला की कागदावर परिसरभेट होऊन जाते. गोजरबाईंना ते जमायचं नाही. बाहेर एवढं रान उभं असताना फळ्यावर खडूनं झाड काढून दाखवायची त्यांना लाज वाटे.

त्यांची एक दोरी होती. सासूचं नऊवारी लुगडं फाडून, त्याच्या तीन पट्ट्यांची वेणी घालून केलेली. हात-हातभर अंतरावर एकेक गाठ, आणि एका गाठीला एक पोर. प्रत्येक गाठीत त्या पोराच्या आईच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली असे. त्या वयाच्या पोराला आकडा कळत नाही, आईची साडी कळते. पाड्यातल्या रेश्माच्या पोरीला, अपेक्षाला, सांगावं लागत नसे की तुझी गाठ पाचवी. पिवळ्यावर लाल ठिपके दिसले की ती आपली जाऊन धरी. पोर शाळेत गेलं की आई यायची, चिंधी सोडून घरी न्यायची, आणि तेवढ्यासाठी नवी साडी नेसून यायची. दिवाळीनंतर जी घरं वीटभट्टीवर जात त्यांच्या चिंध्या मात्र बाई सोडू देत नसत. परत आल्यावर पोराची जागा पोराला मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दोरी काही पहिल्या दिवसापासून नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाई बारा पोरांना घेऊन करवंदांच्या जाळीकडे गेल्या आणि अकरा घेऊन आल्या. राहिला तो चंदर, चार वर्षांचा. सगळा पाडा रानात उतरला. बाई त्या दिवशी किती वेळा पडल्या, किती देवांना काय काय बोलल्या, ते त्यांनाच ठाऊक. उन्हं कलली तेव्हा विठू नावाचा म्हातारा घळीच्या पलीकडून पोराला खांद्यावर घेऊन आला. तो तिकडे लाकडं तोडत होता. पोराला ओरखडेसुद्धा फारसे नव्हते. मग पाड्याच्या तोंडी एकच वाक्य झालं, की पोरगं चालत राहिलं म्हणून एवढं लांब गेलं, एका जागी बसलं असतं तर केव्हाच सापडलं असतं. चंदरला कुणी काही विचारलं नाही. चार वर्षांच्या पोराला काय विचारायचं?

बाईंनी ते वाक्य पदरात बांधून घेतलं. त्यातून दोरी आली आणि दोरीबरोबर नियम आला. हात सुटला की जिथं असशील तिथंच बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. बाई येतील. बाईंचा हात डोक्यावर पडेपर्यंत उठायचं नाही.

हा नियम त्यांनी खेळ करून शिकवला. चालता चालता मध्येच त्या ओरडायच्या, "सुटला!" की सगळी पोरं गाठ सोडून मटकन खाली. मग बाई फसवायच्या. "या रे, चिक्की देते", "उठा, पळा, तो बघा बैल आला", काय वाटेल ते. जे उठेल ते बाद. जी शेवटपर्यंत बसून राहतील त्यांच्या डोक्यावर बाईंचा हात, आणि त्या हाताचं पोरांना चिक्कीपेक्षा जास्त वाटे. चोवीस वर्षांत त्यानंतर एक पोर हरवलं नाही. बाईंना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

चंदर मोठा झाला. रेश्मा त्याची बायको झाली, भाविक आणि अपेक्षा अशी दोन पोरं झाली, आणि ती दोघंही याच दोरीला लागली. भाविक पाच-सव्वापाचचा, चुळबुळ्या, खेळात नेहमी पहिला बाद. अपेक्षा चारची. केस कायम डोळ्यांवर, नाक कायम वाहतं, आणि बसली की बसली. तिला कुणी फसवू शकत नसे. एकदा बाईंनी चिक्की तिच्या नाकासमोर धरली, तरी पोरगी डोळे मिटून बसून राहिली. बाईंचा तिच्यावर जीव होता. सेविकेनं असं करू नये म्हणतात, पण होतं तसं.

गेल्या श्रावणात बाईंनी पोरांना एसटी वळताना दाखवायला नेलं. पाड्याखालच्या फाट्यावर एसटी येते, मागेपुढे करत वळते आणि परत जाते, आणि आवळीच्या पाड्यातल्या पोरांना त्याहून मोठा तमाशा माहीत नाही. परत येताना वळणावर समोरून ढोरं आली, वीस-पंचवीस, उधळलेली. पोरं घाबरली, दोरीला हिसका बसला, दोरी तुटली. बुधीनं हाताला लागतील ती पोरं बांधावर ओढली. बाईंनी वळून पाहिलं तर अपेक्षा वाटेच्या मधोमध बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. ढोरं तिला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून गेली. धुरळा बसला तशी बाई धावल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग स्वतःच रडायला लागल्या. पोरगी म्हणाली, "मी नाय बाद."

ही गोष्ट पाड्यातून खाली गेली आणि शहापूरच्या मॅडमच्या कानावर पोचली. मॅडम भल्या बाई, नुसत्या खुर्चीत बसणाऱ्या नव्हेत. त्या स्वतः वर आल्या, खेळ पाहिला, मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. आश्विनात शहापूरला सेविकांची बैठक झाली तेव्हा त्यांनी गोजरबाईंना पुढे बोलावलं. चाळीस-पन्नास जणी समोर. बाई आधी अडखळल्या, पण एकदा नियम सांगायला लागल्या तशा सुटल्याच. टाळ्या झाल्या. कितीतरी जणींनी वहीत उतरवून घेतलं. परतीच्या एसटीत बाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि उगाच हसत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काही कुणाच्या उपयोगी पडलं, असं त्यांना वाटलं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि पाडा रिकामा व्हायला लागला. चंदरच्या घरची निघायची तयारी दिसली तशी बाई रेश्माकडे गेल्या. "अपेक्षाला ठेव माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "माझी सून हाय घरात, मी हाय. भट्टीवर पोरांना बघणारं कोण असतं?"

रेश्मा भांडी बोचक्यात बांधत होती. "आय सोडून राहील का ती, बाई? रात्री माझा कान धरल्याबिगर झोपत नाय. आन् आत्या येते ना संगती. ती बघंल." आत्या म्हणजे तिची सासू जिवली. जिवलीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं फारसं नाही.

चंदर म्हणाला, "भाविक हाय ना तिच्यासंगट. सांगलंय त्याला, हात सोडायचा नाय."

बाईंनी आणखी ताणायला हवं होतं का? हे त्यांनी पुढे स्वतःला हजार वेळा विचारलं. पण आईपासून चार वर्षांची पोर कोण तोडून घेणार? टेम्पो फाट्यावर उभा होता. बोचकी, कोंबड्या, माणसं, सगळं त्यात चढलं. बाई फळीपाशी गेल्या. अपेक्षा आईच्या मांडीवर बसून बिस्कीट चोखत होती.

"अपेक्षा, तिथं भाविकचा हात सुटला तर काय करायचं?"

"बशायचं."

"आणि कुणी हाक मारली, उठ म्हणालं, तर?"

"नाय उठायचं."

"मग?"

"बाई येतील."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि फळीवरून हात लांबवून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. टेम्पो गेला. बाईंना जरा हायसं वाटलं. निदान एवढं तरी आपण बरोबर दिलं, असं मनाशी म्हणत त्या वर चढून गेल्या.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, बुधीच्या नवऱ्याच्या मोबाईलवर निरोप आला. अपेक्षा गेली. भट्टीवर ट्रॅक्टरखाली आली. तिकडंच सगळं उरकलं. याहून जास्त काही कळलं नाही. बाईंनी खिचडीचं पातेलं तसंच ठेवलं आणि भिंतीशी बसून राहिल्या. बुधी त्यांना पाणी देत होती, त्यांना ते दिसत नव्हतं.

माणसाचं मन फार चमत्कारिक. त्या दुःखातच बाईंना पोरीचा रागही आला. धावली असणार. एवढं घोकून घेतलं होतं, एवढी शहाणी पोर, आणि ऐन वेळी विसरली. बसली असती तर? ढोरांत बसलीच होती ना? हा राग धरून बाईंनी काय केलं, तर पाड्यात उरलेल्या पाच पोरांना दुसऱ्या दिवसापासून रोज तो खेळ खेळायला लावला. गुरुवारची वाट पाहिली नाही. सकाळी एकदा, खिचडीनंतर एकदा. आधी उठणाऱ्याला नुसतं बाद करत, आता रट्टा देऊ लागल्या. पोरं इतकी पक्की झाली की भरदुपारी अंगणात "सुटला" म्हटलं तर तापलेल्या मातीवर बसून राहत.

जेठात माणसं परतली. तिसऱ्या दिवशी रेश्मा भाविकचा हात धरून अंगणवाडीत आली. ती इतकी वाळली होती की बाईंनी तिला आधी ओळखलंच नाही. दोघी पायरीवर बसल्या. बाईंच्या तोंडून तेच निघालं जे तीन महिने आत घोळत होतं. "धावली का गो ती?"

रेश्मानं मान हलवली. सांगितलं ते भाविकनंच, खाली बघत, दगडानं पायरी खरडत. "कच्च्या इटांच्या मधनं आमी जात व्हतो. माझी चड्डी सुटली म्हणून मी तिचा हात सोडला. तर ती खालीच बसली. टॅक्टर मागं मागं येत व्हता. मी बोललो उठ. लय बोललो. ती बोलली मी नाय बाद. बाई येतील."

अंगणात कुणाची तरी कोंबडी उकिरडा उकरत होती. बाईंनी पायरीची कड धरली.

"मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुमी बऱ्यासाठीच सांगलं, बाई," रेश्मा म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही राग नव्हता. तिनं शिव्या दिल्या असत्या, केस धरले असते, तर बाईंना ते सोसलं असतं. हे सोसलं नाही. जाताना रेश्मानं दोरी मागितली, पाचवी गाठ शोधली आणि पिवळी चिंधी सोडायला बसली. गाठ घट्ट आवळली गेली होती. नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. तशीच सोडून ती घरी गेली.

चंदर बाईंच्या समोर येत नव्हता. एकदा ओहोळाच्या वाटेवर दोघांची गाठ पडली आणि त्याला टाळता आलं नाही. बाईंनी रडत रडत तेच म्हटलं, की तुझ्यावरून मी तो नियम केला रे, तू बसला असतास तर लवकर सापडला असतास म्हणून.

"मी चुकून नव्हतो गेलो, बाई," तो हळूच म्हणाला. "मला कुऱ्हाडीचा आवाज आला. कोण तरी माणूस हाय म्हणून मी आवाजाच्या मागं गेलो. तशी विठूबाबाची भेट झाली. जाळीत बसून राहिलो असतो तर तुमाला कधी दिसलोच नसतो."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"कुणी विचारलंच नाय."

चोवीस वर्षं. बाईंनी मोजली. चोवीस वर्षांत या दोरीवरून किती पोरं गेली, ती मोजता येईनात. घरी आल्या आणि त्यांनी शहापूरच्या मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, तो नियम काढून टाका, सगळ्या अंगणवाड्यांतून काढून टाका. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं, आवाजावरून कळत होतं. पण त्या म्हणाल्या, "गोजरबाई, अपघात तो अपघात. हरवलेल्या मुलानं एका जागी थांबावं, हे चुकीचं कसं? काढून टाकला तर त्याच्या जागी शिकवायचं काय?"

बाई पुढे रात्रंदिवस तेच शोधत राहिल्या. पळायला सांगावं तर समोर घळ आहे. माणसाकडे जा म्हणावं तर माणूस कसला भेटेल? ओरड म्हणावं तर भट्टीच्या धडधडीत कोण ऐकतं? पोराला सांगता येईल असं एकही वाक्य त्यांना सापडेना. तरी बसायचं नाही, एवढं सांगणं भाग होतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पोरं बाहेर काढली. बुधवारी वाट बघून आल्या नव्हत्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. दोरीला आता पुन्हा एकोणीस पोरं होती. पिवळ्या चिंधीची गाठ रिकामी लोंबत होती आणि तिच्या शेजारच्या गाठीला भाविक होता. फाट्याकडे उतरणाऱ्या वाटेवर बाई थांबल्या.

"आज नवा खेळ," त्या म्हणाल्या. "मी सुटला म्हटलं की बसायचं नाय. कडेला पळायचं. समजलं?"

पोरांनी जोरात माना हलवल्या.

"सुटला!"

अठरा पोरं जागच्या जागी खाली बसली. वाटेच्या मधोमध, हाताची घडी, तोंडावर बोट. भट्टीवरून परतलेली बसली आणि पाड्यात राहून रोज रट्टे खाल्लेली तर आधी बसली.

"अरे उठा! पळा कडेला! उठा म्हणते ना!"

पोरांच्या डोळ्यांत हसू आलं. बाई फसवतायत, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी एकाचा दंड धरून ओढलं, तर त्यानं अंग सोडून दिलं आणि तो आणखी घट्ट बसला. बाई ओरडल्या, मग विनवायला लागल्या. बुधी तोंडावर पदर घेऊन मागे उभी होती.

भाविक एकटा उभा होता. तो बाईंच्या जवळ आला आणि त्यांचा पदर ओढू लागला.

"बाई, हात ठेवा ना डोक्यावर," तो म्हणाला. "त्याच्याबिगर नाय उठायची ती."

गोजरबाई खाली वाकल्या आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेल्या.